होंडा सिटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलताय? या चुका टाळा

जुन्या ऑटोमॅटिक सिटीचा गिअरबॉक्स गेला की मालकाला ठरलेला सल्ला मिळतो: "कुर्ल्याला जा, कटिंगचा माल (तोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग) उचल, टाकून दे." हा सल्ला वाईट नाही. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत कोरा गिअरबॉक्स टाकणं बहुतेकांना परवडत नाही, आणि चांगल्या गाडीतून निघालेला गिअरबॉक्स पुढे बरीच वर्षं चालतो. पण "टाकून दे" म्हणणाऱ्याला कोणत्या सालचा गिअरबॉक्स कोणत्या सालच्या गाडीत जातो, हे क्वचितच ठाऊक असतं. पैसे बुडतात ते तिथेच.

सिटी हे नाव एकच असलं तरी आतली यंत्रं निरनिराळी आहेत. २००३ मध्ये आलेल्या सिटीत, म्हणजे डॉल्फिन आणि नंतरच्या झेडएक्समध्ये, सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा ऑटोमॅटिक. त्यात टॉर्क कन्व्हर्टरच, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भागच, नाही. इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हील, मग पट्टा आणि दोन पुली, आणि गाडी हलवण्याचं काम मागच्या पुलीकडचा स्टार्ट क्लच करतो. २००८ च्या आय-व्हीटेक सिटीत होंडाने सीव्हीटी सोडून पाच गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक दिला. २०१४ मध्ये पुन्हा सीव्हीटी आला, पण तो नव्या रचनेचा आणि टॉर्क कन्व्हर्टरसह. तिन्ही गाड्यांचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचंच, त्यामुळे फसायला होतं. जुन्या आय-डीएसआय इंजिनाची ताकद ७७ पीएस आणि २००८ च्या आय-व्हीटेकची ११८, हे कुणी विचारातच घेत नाही.

ठाण्याचे एक काका २००५ ची झेडएक्स टोचन करून माझ्याकडे घेऊन आले होते. विक्रेत्याने "सिटी ऑटोमॅटिकचाच आहे" असं सांगून त्यांच्या गळ्यात २००८ नंतरचा पाच गिअरवाला मारला होता. आधीच्या मेस्त्रीने फ्लायव्हील काढून ड्राइव्ह प्लेट (टॉर्क कन्व्हर्टर जिला जोडतात ती) बसवण्यापर्यंत मजल मारली. मग वायरींचे कपलर जुळेनात म्हणून वायरी कापून जोडल्या. पण जुन्या गाडीच्या कंप्युटरला पुलीचा दाब सांभाळायचा माहीत, गिअर बदलायचे माहीतच नाहीत. गाडी जागची हलली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे जुना गिअरबॉक्स तोवर भंगारात गेला होता. मला त्या काकांचं फार वाईट वाटलं, कारण त्यांची मूळ तक्रार एवढीच होती की सिग्नलवरून गाडी निघताना थरथरते.

या थरथरीकडे आधी बघायला हवं होतं. जुन्या सीव्हीटीत निघतानाची थरथर बहुतेक वेळा स्टार्ट क्लचची असते, आणि कित्येकदा ती केवळ जुन्या ऑइलमुळे असते. ऑइल बदलून स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कंप्युटरला नव्याने शिकवलं, की बऱ्याच गाड्या सुधारतात. इंजिनचं माउंटिंग फाटलं असेल किंवा एखादा प्लग मिस करत असेल तरीही अगदी तसेच झटके बसतात. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्कॅनर लावा आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट उघडा. त्या बोल्टला चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले किंवा ऑइलला जळका वास आला, तरच गिअरबॉक्स उतरवायचा विचार करा.

ऑइलची चूक तर सर्रास होते. २००३ च्या सीव्हीटीला होंडाचं मल्टिमॅटिक फ्लुइड, म्हणजे एमएमएफ, लागतं. पाच गिअरवाल्याला पूर्वी एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) झेड-१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ मिळतं. २०१४ च्या सीव्हीटीला एचसीएफ-२. "सीव्हीटीचं ऑइल आहे ना, एकच" असं म्हणत जुन्या सीव्हीटीत एचसीएफ-२ ओतू नका. स्टार्ट क्लच ऑइलमध्ये बुडूनच काम करतो, त्याची पकड ऑइलच्या गुणावर ठरते. साधं एटीएफ घातलं तर पट्टा आणि पुली दोन्हींची वाट लागते. डिपस्टिक असलेल्या होंडात पातळी बघायची ती गाडी सपाट जागी उभी करून, ऑइल गरम असताना, इंजिन बंद केल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांत. टोयोटावर हात बसलेले मेस्त्री सवयीने इंजिन चालू ठेवून बघतात आणि माप चुकतं.

जोडणी करताना घाई नडते ती टॉर्क कन्व्हर्टरपाशी, म्हणजे २००८ आणि २०१४ च्या गाड्यांत. कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकलावा, तो टप्प्याटप्प्याने खट् खट् करत आत बसतो. पूर्ण बसला नसेल तर गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यात फट राहते. ती फट पाना लावून, बोल्ट आवळून बंद केली की आतला ऑइल पंप तुटतो, आणि चांगला गिअरबॉक्स गाडी सुरू व्हायच्या आत निकामी होतो. हाऊसिंग हाताच्या जोराने इंजिनाला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर थांबा, गिअरबॉक्स परत मागे घ्या.

जुना गिअरबॉक्स आतून तुटून गेला असेल तर त्याचा चुरा ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकलेला असतो. कूलर धुतला नाही तर तोच चुरा बदलीच्या गिअरबॉक्समध्ये जातो. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलर आतून फुटून त्यात कूलंट मिसळलंय. अशा वेळी धुणं उपयोगाचं नाही, कूलर बदलावाच लागतो.

कंप्युटरही गिअरबॉक्सबरोबर बदलायचा ठरवलात तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखणारं चोरीविरोधी कुलूप, आठवा. चावीची नोंद नव्या कंप्युटरमध्ये करून घेतल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही.

माल घेताना मॉडेलचं नाव विचारण्यात अर्थ नाही. केसिंगवर ठोकलेला कोड जुन्या गिअरबॉक्सच्या कोडशी जुळवा, दोन्हींचे फोटो काढून शेजारी ठेवा. कपलरच्या पिना मोजा, ड्राइव्ह शाफ्टचे दाते ताडून बघा. कुर्ला असो, पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचं मायापुरी, माल ज्या गाडीतून निघाला तिचं साल आणि चेसिस नंबर बिलावर लिहून मागा. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर तुमच्या हातात कागद असलेला बरा. मॅन्युअल गाडीत ऑटोमॅटिक बसवायचा बेत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओत विचारूनच हात घाला.

बदली गिअरबॉक्स बसला आणि गाडी नीट चालू लागली तरी जुना लगेच विकू नका. सेन्सर, सोलेनॉइड, ब्रॅकेट, काहीतरी लागतंच. जुन्या सीव्हीटीचं कॅलिब्रेशन इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी आणि दिवे बंद ठेवून करून घ्या, ते राहिलं तर नव्या क्लचलाही थरथर येते. मग पाचशे किलोमीटरनंतर ड्रेन बोल्ट पुन्हा उघडून चुंबक पुसा, ऑइल बदला, आणि चुंबकावर काय आलं त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी बोल्ट उघडाल तेव्हा तो ताडून बघता येईल.