औषध मेंदूत नेमकं कुठे काम करतं, हे कसं शोधावं

‘हे औषध सेरोटोनिन वाढवतं’ एवढ्या माहितीवर फारसं काही कळत नाही. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन. ते वाढवायचे रस्ते अनेक, आणि रस्ता बदलला की परिणाम, धोका, लागणारा वेळ सगळंच बदलतं. त्यामुळे प्रश्न ‘कोणतं रसायन’ इतकाच ठेवू नका, ‘कोणत्या टप्प्यावर’ हेही विचारा.

त्यासाठी कागदावर एक सिनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉनमधला (चेतापेशींमधला) सांधा, काढा. डावीकडे संदेश पाठवणाऱ्या न्यूरॉनचं टोक आणि त्यात न्यूरोट्रान्समीटरने, म्हणजे संदेश नेणाऱ्या रसायनाने, भरलेल्या बारीक पिशव्या. उजवीकडे संदेश घेणाऱ्या न्यूरॉनवरचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे बसतं त्या जागा. मधली फट साधारण २० नॅनोमीटरची. डाव्या न्यूरॉनच्या पडद्यावर (आवरणावर), सोडलेलं रसायन परत आत ओढणारा पंपही काढा. तो बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तिथेच बरीच औषधं काम करतात.

आता संदेशाचा प्रवास लिहा. शांत न्यूरॉनचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. तो उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमच्या वाहिन्या उघडतात आणि विद्युतलहर टोकापर्यंत धावते. टोकाशी कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात, रसायन फटीत येतं आणि रिसेप्टरवर बसतं. त्यानंतर सफाई: पंप ते परत ओढतो किंवा एन्झाइम ते तोडतं.

मग औषध हाती घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर ते बसवून पाहा.

विद्युतलहर: भूल देणारं लिडोकेन सोडियमच्या वाहिन्याच बंद करतं, म्हणून भूल दिलेल्या जागेची वेदना मेंदूपर्यंत पोचतच नाही.

निर्मिती: पार्किन्सनच्या आजारात मेंदूत डोपामाइन हे संदेश नेणारं रसायन कमी पडतं, पण ते थेट देऊन उपयोग नसतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ते ओलांडत नाही. लेव्होडोपा ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. वाटेतच रूपांतर होऊन ते वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा देतात.

सोडणं: बोटुलिनम विष पिशव्या फुटूच देत नाही. स्नायूला आदेश मिळत नाही, तो सैल पडतो.

रिसेप्टर: इथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. औषध रिसेप्टर चालू करतं, की नुसतं जागा अडवून बसतं? वेदनाशामक मॉर्फिन चालू करतं, त्यावरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन त्याच जागेवरून त्याला हुसकावतं. पण नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या गटातल्या बऱ्याच औषधांपेक्षा, म्हणजे ओपिऑइडपेक्षा, आधी ओसरतो. ओपिऑइडच्या जादा डोसातून शुद्धीवर आलेल्या माणसाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून त्याला एकटं सोडायचं नसतं. कॅफीनही जागा अडवणाऱ्यांपैकीच. ते ताकद देत नाही, झोपेची जाणीव करून देणाऱ्या ॲडेनोसिनला बसू देत नाही. ॲडेनोसिन तिथेच साचलेलं असतं, त्यामुळे कॅफीन उतरल्यावर झोप एकदम अंगावर येते.

सफाई: नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन सेरोटोनिनचा पंप अडवतं. कोकेन डोपामाइनचाही पंप अडवतं. ॲम्फेटामाइन त्यापुढे जाऊन पंप उलटाच चालवतं.

शेवटी चित्रावर वेळ लिहा. इथे सर्वांत जास्त गल्लत होते. फ्लुऑक्सेटिन पंप काही तासांत अडवतं, पण मन सावरायला काही आठवडे लागतात, बहुधा मधल्या काळात रिसेप्टरांची संख्या आणि संवेदनशीलता बदलत असते म्हणून. ‘चार दिवस घेतलं, काही झालं नाही’ म्हणून गोळी सोडणं म्हणूनच चुकीचं. अचानक थांबवणंही बरं नाही, कारण बदललेली यंत्रणा लगेच मूळपदावर येत नाही. डोस डॉक्टरच उतरवत नेतात.

दोन औषधं एकत्र असतील तर दोन्ही एकाच चित्रावर काढा. एक पंप अडवतं आणि दुसरं, म्हणजे एमएओ इनहिबिटर, तोडणारं एन्झाइम बंद करतं, तर सेरोटोनिनला जायला वाटच उरत नाही: ताप, थरथर, ताठरलेले स्नायू, कधी मृत्यू. त्यामुळे एन्झाइमला कायमचं चिकटणारं एमएओ इनहिबिटर बंद केल्यावर पंप अडवणारं औषध सुरू करण्याआधी किमान १४ दिवस थांबतात, तेवढ्यात नवं एन्झाइम तयार होतं. उलट क्रमाने, फ्लुऑक्सेटिन आधी असेल, तर किमान ५ आठवडे, कारण ते आणि शरीरात त्यापासून बनणारं नॉरफ्लुऑक्सेटिन फार हळू बाहेर पडतात.