टॅरँटुलाच्या पोटावर काळा डाग दिसला तर काय करावं?

एका सकाळी डब्याचं झाकण उघडलं तर आमच्या टॅरँटुलाच्या, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या, पोटाचा मागचा भाग काळानिळा पडलेला. आदल्या महिन्यात तिथे फिकट बदामी टक्कल होतं. त्यात बाईसाहेबांचं खाणंही बंद. कुजायला लागलंय असं धरून मी हळदीचा डबा काढला. घरात कुणाला काही झालं की हात आधी तिकडेच जातो. नशीब, लावली नाही. दीडेक आठवड्यात तिने कात टाकली आणि डाग गेला. (ती मादी आहे, पण तिला कोळीण म्हणायची सोय नाही. आईला लगेच पापलेटचा भाव आठवतो.)

ही मेक्सिकन रेड नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची. अमेरिका खंडांतले बरेच टॅरँटुला बिथरले की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात. हे केस खाजकुयलीसारखे असतात. झाडले की तिथे टक्कल पडतं आणि ते पुढच्या कातीपर्यंत भरून येत नाही. कात टाकायची वेळ जवळ आली की जुन्या कातडीखाली नवी कातडी, नव्या केसांसकट, तयार होते. टकलावरची जुनी कातडी पातळ, म्हणून खालचे काळे केस आरपार दिसतात. बटर पेपरखाली काळं कापड ठेवल्यासारखं. घाबरायचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तरी खात्री करून घ्यावी. हात न लावता, डब्याच्या बाहेरून टॉर्च तिरका धरून डाग पाहा. तोंड डब्याच्या वर नेऊ नका, कारण ते केस डोळ्याच्या बुबुळात रुततात आणि मग गाठ नेत्रतज्ज्ञाशी पडते. चष्मा नसेल तर गॉगल लावा, कोणी हसलं तरी चालेल. कातीआधीचा डाग कोरडा असतो, टकलाच्या हद्दीतच असतो आणि दिवसागणिक गडद होत जातो. दर चार दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. रंग किती बदलला हे डोळ्यांना आठवत नाही, फोटोला आठवतं.

डाग ओला, चकचकीत दिसला, किंवा खालच्या भुशावर थेंब दिसला, तर गोष्ट वेगळी. कोळ्याचं रक्त लाल नसतं. ते जवळजवळ पाण्यासारखं, किंचित निळसर असतं, म्हणून जखम पटकन कळत नाही. मऊ ब्रशने त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाका आणि असे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याला फोन करा. उंचावरून पडलेल्या टॅरँटुलाचं पोट फुटू शकतं, त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या जातीला उंच डबा देऊ नये. ठिपके पांढरे आणि हलणारे असतील तर ते माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक जीव. त्यांना ओल आवडते. उरलंसुरलं खाणं काढा, भुसा कोरडा होऊ द्या. पोटाच्या खालच्या बाजूला फिकट चट्ट्यांच्या दोन जोड्या दिसल्या तर तो आजार नव्हे. ती तिची पुस्तकासारख्या घड्यांची फुप्फुसं.

सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया वंशाचे कोळी केस झाडत नाहीत, त्यांना तसले केसच नसतात. तेव्हा टकलाचा हा सगळा हिशेब त्यांना लागू नाही. आणि ते ढोलीतच बरे, घरी आणू नयेत.

डाग कातीचाच आहे असं ठरलं की काम कमी होतं, आणि तेच जड जातं. डब्यात खायला सोडलेलं झुरळ, रातकिडा बाहेर काढा, मऊ पडलेल्या कोळ्याला ते कुरतडतात. पाण्याची वाटी भरलेली ठेवा. डबा हलवू नका, अंगावर पाणी फवारू नका. एक दिवस ती जाळ्याची चादर विणून त्यावर उताणी पडेल. ही मेली नाही! मरणारा टॅरँटुला बहुधा पाय पोटाखाली ओढून पालथाच राहतो. उताणी पडलेली कात टाकते आहे. मोठ्या मादीला यात काही तास जातात. त्या वेळी तिला सरळ करणं म्हणजे मारणंच.

बाहेर आल्यावर तिचे विषदात पांढरे असतात. ते काळे होईपर्यंत खायला घालू नका. मोठीला निदान दहा दिवस थांबा.

भारतात ही जात पाळायची तर कागदपत्रं लागतात. रेड नी १९८५ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा हे सांगेलच असं नाही.

पडलेली कात लांब चिमट्याने उचला, तिच्यावरही केस असतात. पोटाचा भाग चुरगळलेला असतो. थेंबभर भांड्यांचा साबण घातलेल्या पाण्यात तो भिजवला की उलगडतो. आतल्या बाजूने पाहिलं तर मादी की नर हेही कळतं. मी मात्र आधी ते टक्कल शोधलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं, फिकट. काळं त्यात काहीच नव्हतं.