टेस्टिंग वाढवताय? मग या चुका टाळा

कोरोनाच्या काळात मी टेस्टिंग कॅम्पवर नोंदणीच्या टेबलावर बसायचो, त्यामुळे जरा वैतागूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आधी. काल पॉझिटिव्ह माणसाशेजारी बसून जेवला, आज सकाळी लाईनीत हजर, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलो म्हणत फिरायला मोकळा. अरे बाबा, व्हायरस आत शिरला की लगेच स्वॅबमध्ये सापडत नाही, त्याला वाढायला वेळ लागतो. २०२० मध्येच एका अभ्यासात अंदाज निघाला होता की लागण झाल्यावर चौथ्या दिवशी आरटी-पीसीआर (स्वॅब लॅबमध्ये पाठवून करतात ती टेस्ट) केली तर शंभर बाधितांमधले साधारण ६७ जण निगेटिव्ह दिसतात, आणि सगळ्यात बऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशीसुद्धा २० सुटतात. मी स्वतः संपर्क आला की गुपचूप घरात बसायचो, पाचव्या-सहाव्या दिवशी टेस्ट करायचो आणि निगेटिव्ह येऊनही घसा धरला असेल तर परत करायचो. जागच्या जागी किटवर होणाऱ्या रॅपिड अँटिजेन टेस्टचं तर विचारूच नका, लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह सांगतंय, तर आरटी-पीसीआर कराच.

दुसरी चूक, फक्त खोकणाऱ्यांनाच तपासणं. इटलीत व्हो नावाचं सव्वातीन हजार वस्तीचं गाव आहे, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये जवळजवळ सगळ्यांचेच स्वॅब घेतले, लक्षणं असोत नसोत. पहिल्या फेरीत २.६ टक्के पॉझिटिव्ह, दुसऱ्या फेरीत १.२, आणि बाधितांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना काहीच होत नव्हतं. हे लोक आपणहून कधीच लाईनीत आले नसते, त्यांना शोधायला जावं लागतं, टेस्टिंग पसरवायचं ते यासाठीच.

आता लेबलं. एकदा आमच्याकडे एक नवा पोरगा आला, फार हुशार, म्हणाला लोक यायच्या आधीच सगळ्या ट्यूबांवर नंबर चिकटवून ठेवू, वेळ वाचेल. मीही हो म्हणालो, ही माझी चूक. बारा नंबरचा फॉर्म भरलेला माणूस फोन आला म्हणून लाईनीतून गेला तो परत आलाच नाही, आणि स्वॅबवाल्याने बारा नंबरची ट्यूब तेरा नंबरच्या बाईंसाठी वापरली. तिथून पुढे सगळे एकेक घर सरकले! संध्याकाळी एक ट्यूब उरली तेव्हा पोटात गोळा आला. तोवर सगळे घरी गेलेले, एकेकाला फोन करून परत बोलावलं, शिव्या खाल्ल्या, काहीजण आलेच नाहीत. तेव्हापासून माझा नियम, माणूस खुर्चीत बसला की त्याच्या तोंडून नाव वदवून घ्यायचं, फॉर्म बघायचा, मगच लेबल, आणि तेही ट्यूबवर, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये झाकणं निघतात. लाईन लांबली तर लांबू दे.

बाकीच्या पटकन सांगतो. केसेस वाढल्या म्हणून घाबरण्याआधी किती टेस्ट केल्या ते बघा, मे २०२० मध्ये डब्ल्यूएचओनेही (जागतिक आरोग्य संघटना) निर्बंध उठवण्याआधी पॉझिटिव्हिटी, म्हणजे केलेल्या टेस्टपैकी पॉझिटिव्ह किती ते प्रमाण, सलग दोन आठवडे पाच टक्क्यांच्या खाली हवी असं सांगितलं होतं. किट वाचवायला पाच-पाच स्वॅब एकत्र तपासायचे तर साथ कमी असतानाच, वीस टक्के लोक पॉझिटिव्ह असताना दर तीनातले दोन पूल (पाच स्वॅबचे गट) पॉझिटिव्ह येणार आणि त्यातला एकेक स्वॅब पुन्हा तपासत बसायचं. बरे झालेल्यांनी निगेटिव्ह येईपर्यंत रोज आरटी-पीसीआर करू नका, मेलेल्या व्हायरसचे तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात.

आणि कॅम्प वाढवायची घाई असलेल्यांनी आधी लॅबचा फ्रीज उघडून बघा, किती स्वॅब तपासायचे पडलेत ते. रिपोर्ट पाच दिवसांनी मिळणार असेल तर तोवर तो माणूस घरच्यांना कोरोना देऊन मोकळा झालेला असतो.