दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप: अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या चाचण्यांना आव्हान कसं द्यायचं

स्वयंपाकघरातल्या दोन फरश्यांमधली रेघ धरा. डावं पाऊल रेघेवर ठेवा, उजव्या पायाची टाच डाव्या अंगठ्याला टेकवा, हात मांड्यांना लागून सरळ. आता असंच उभं राहून कुणाकडून तरी पुढच्या सूचना ऐका: टाचेला अंगठा लावत नऊ पावलं जा, पुढचा पाय रेघेवरच ठेवून दुसऱ्या पायाने छोटी छोटी पावलं टाकत वळा, नऊ पावलं परत या, मोठ्याने मोजा, पायांकडे बघत राहा, मध्ये थांबू नका. दुपारी, नुसता चहा पिऊन, घरच्या घरी करतानाही तोल सावरायला हात बाहेर जातो. हात सहा इंच उचलला गेला की एक चूक धरली जाते. अशा आठ चुकांची यादी असते आणि त्यातल्या दोन पुरतात.

अमेरिकेत हीच चाचणी मध्यरात्री महामार्गाच्या कडेला, पोलिसांच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येत असताना करायला लावतात. आपल्याकडच्या नाकाबंदीत सगळी भिस्त यंत्रावर असते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं ते १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे ८० मिलिग्रॅम आहे (युटामध्ये ०.०५), पण यंत्राच्या आधी या शारीरिक चाचण्या येतात. तिथे नव्याने गेलेल्या आपल्या माणसाला त्या सक्तीच्या वाटतात. बहुतेक राज्यांत तशा त्या नसतात. अटकेनंतरच्या श्वासचाचणीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती नाकारली तर परवाना निलंबित होतो, त्यामुळे या दोन्हींची गल्लत करू नका. आणि रस्त्यावरची चाचणी नाकारली तरी तो नकार अनेक राज्यांत पुरावा म्हणून कोर्टापुढे येऊ शकतो.

पिऊन गाडी चालवू नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्याच्यावर आरोप झालाय, त्याची चाचणी नियमाप्रमाणे झाली की नाही हे तपासून घेणं हा त्याचा हक्क आहे. खटला वकील लढवतील, तरी त्यांच्या हातात काय द्यायचं हे तुम्हाला माहीत हवं.

पहिलं काम: सुटून आल्याबरोबर लिहून काढा. किती वाजता थांबवलं, रस्ता उताराचा होता का, खडी होती का, पाऊस, थंडी, वाहनांची वर्दळ, तुम्ही काय सांगितलंत, अधिकाऱ्याने काय विचारलं. पायात होते ते बूट-चपला बाजूला काढून ठेवा, पुन्हा वापरू नका. जमलं तर दोन-तीन दिवसांत त्याच वेळी कुणाला तरी घेऊन तिथे जा आणि रस्त्याचे फोटो काढा. तारखाही सांभाळा: कॅलिफोर्नियात परवान्याबद्दलची सुनावणी मागायला फक्त १० दिवस मिळतात, आणि ती कोर्टाच्या खटल्यापेक्षा वेगळी असते.

दुसरं काम: कागद आणि व्हिडिओ मागवा. डॅशकॅम आणि बॉडीकॅमचं पूर्ण चित्रण, पोलिसांचा अहवाल, त्या अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाचे दाखले, आणि तो ज्या वर्षी शिकला त्या वर्षीची प्रशिक्षण-पुस्तिका. चित्रण ठरावीक काळानंतर पुसलं जाऊ शकतं, म्हणून ते जपून ठेवावं अशी लेखी मागणी वकिलांकडून लगेच पाठवा.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं: पुस्तिका आणि व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवा. या चाचण्या एनएचटीएसए या केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेने प्रमाणित केल्या आहेत, आणि त्या एकूण तीनच आहेत. उलटी बाराखडी म्हणायला लावणं किंवा डोळे मिटून नाकाला बोट लावणं त्यांत येत नाही. १९८१च्या मूळ अभ्यासात, रक्तातलं अल्कोहोल ०.१० टक्क्याच्या वर आहे की नाही हे डोळ्यांच्या चाचणीने ७७ टक्के वेळा बरोबर ओळखलं, चालण्याच्या चाचणीने ६८ आणि एका पायावर उभं राहण्याच्या चाचणीने ६५ टक्के वेळा. हे आकडे चाचणी ठरल्याप्रमाणे घेतली तरच लागू पडतात, आणि ते गाडी चालवण्याची क्षमता मोजत नाहीत.

डोळ्यांच्या चाचणीत अधिकारी पेन किंवा बोट चेहऱ्यापासून १२ ते १५ इंचांवर, नजरेपेक्षा किंचित वर धरतो आणि बुबुळ थरथरतं का ते बघतो. नजर कडेला गेली की तिथे किमान चार सेकंद रोखायची असते, आणि प्रत्येक हालचाल दोन्ही डोळ्यांसाठी पुन्हा करायची असते. नीट केली तर मिनिटाहून जास्त वेळ लागतो. व्हिडिओवर घड्याळ लावा. पंचवीस सेकंदांत पेन खिशात परत गेलं असेल, तर अहवालात नशेच्या सहापैकी सहा खुणा (दोन्ही डोळे मिळून) लिहिल्या असल्या तरी त्या कधी पाहिल्या हा प्रश्न उरतोच. लुकलुकते दिवे तुमच्या समोर होते का, तेही पाहा.

चालण्याच्या चाचणीला कोरडी, टणक, सपाट, न घसरणारी जागा लागते. टाच आणि अंगठ्यात अर्धा इंच अंतर राहिलं तरच चूक धरतात. अंधारात दहा फुटांवरून ते अर्धा इंच कसं मोजलं, हे उलटतपासणीत विचारायला लावा. एका पायाच्या चाचणीत पाऊल सहा इंच उचलून ३० सेकंद उभं राहायचं असतं, आणि वेळ अधिकाऱ्याने मोजायची असते. त्याने घड्याळ पाहिलंच नाही आणि तुम्ही सावकाश मोजत चाळीस सेकंद उभे राहिलात, तर शेवटच्या दहा सेकंदांत टेकलेला पाय चूक म्हणून धरता येत नाही.

चौथं काम: स्वतःच्या शरीराचे कागद जमवा. वय ६५ च्या वर असेल, पाठ, पाय किंवा आतल्या कानाचा त्रास असेल, वजन ५० पौंडांहून जास्त वाढलेलं असेल, तर या चाचण्या अवघड जातात हे पुस्तिकेतच नमूद आहे. दोन इंचांहून उंच टाचा असतील तर त्या काढायची संधी द्यायला हवी. जुने एक्सरे, फिजिओथेरपीची बिलं, व्हर्टिगोच्या गोळ्यांची चिठ्ठी, सगळं शोधून काढा. मुलांकडे राहायला आलेल्या सत्तरीच्या वडिलांवर अशी वेळ आली, तर हे कागद पुण्याहून किंवा नाशिकहून मागवावे लागतील, तेव्हा तारखेची वाट बघू नका. सूचना इंग्रजीत भरभर दिल्या गेल्या आणि त्या कळल्याच नव्हत्या, हेही व्हिडिओत दिसतं.

पाचवं काम: तुमच्या राज्याचा नियम विचारा. ओहायोत चाचण्या ठरलेल्या पद्धतीनुसार बऱ्याच अंशी झाल्या हे ठोस पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. ते जमलं नाही तर निकाल वगळावा असा अर्ज करता येतो. न्यू जर्सीत डोळ्यांच्या चाचणीचा शास्त्रीय आधार सिद्ध केल्याशिवाय ती दोष शाबीत करायला चालत नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने २००० साली ठरवलं. तिथे या खटल्याला ज्युरीही नसते, सगळं एका न्यायाधीशाला पटवावं लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की गांजाच्या नशेसाठी या चाचण्या निर्णायक मानता येणार नाहीत.

एच-१बीवर असाल तर आणखी एका वकिलाला भेटा, इमिग्रेशनच्या. २०१५ पासून निव्वळ अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, दोषी ठरावं लागत नाही. व्हिसा रद्द झाला म्हणून तिथलं वास्तव्य आपोआप बेकायदा होत नाही, पण भारतात आलात की परतायला नवा व्हिसा आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी. म्हणून केस चालू असताना दिवाळीचं तिकीट काढण्याआधी त्यांना विचारा.

उलटतपासणीच्या आधी वकिलांना एक कागद करून द्या. अहवालात चुकलेलं तेवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून बरोबर झालेलं लिहा: गाडी कडेला नीट लावली, परवाना पहिल्या मागणीला काढून दिला, न अडखळता उतरलात, अठरापैकी सोळा पावलांत टाच अंगठ्याला लागली, मोजणी चुकली नाही. प्रत्येक ओळीपुढे व्हिडिओतली मिनिटं आणि सेकंद टाका, म्हणजे वकील ते चित्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर लावून एकेक ओळ अधिकाऱ्याकडून वदवून घेऊ शकतील.