उंदीर आणि मॉस एकाच प्रोजेक्टमध्ये घेताय? मग हे वाचा

एमएस्सीला धोक्यातल्या दोन प्रजातींची तुलना करा म्हटलं की बहुतेक जण वाघ नाहीतर गिधाड धरतात. मी सिंहगडचा कोंडाणा उंदीर (मिलार्डिया कोंडाना) आणि तिबेटच्या पठारावरचं टकाकिया हे मॉस (गादीसारखी पसरणारी बुटकी, बिनफुलांची वनस्पती) घेतलं होतं. यंदा कुणी असं काही करणार असेल तर खरंच करा, या दोघांकडे फार कमी लोक बघतात.

सगळ्यात आधी मोजणार कसं ते ठरवा. उंदराचं त्यामानाने सरळ आहे, रात्री पिंजरे लावायचे, सापडला की खूण करून सोडायचा आणि पुढच्या वेळी खुणेचे किती मिळतात त्यावरून संख्येचा अंदाज काढायचा. पण वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो, त्यामुळे अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. त्याच्याच मिलार्डिया कुळीतला उंदीर मेल्टाडा देशात बऱ्याच ठिकाणी सापडतो, दोघांतला फरक ओळखायला आधी म्युझियममधले नमुने बघून घ्या.

मॉसचं काय करणार? एक गादी म्हणजे एक जीव धरायचा की शेकडो? म्हणून तिथे चौकट टाकून किती टक्के जागा व्यापलीय ते बघतात. 2023 मध्ये 'सेल' या संशोधन नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तिबेटमधल्या टकाकियाचं आच्छादन वर्षाला साधारण 1.6 टक्क्यांनी घटताना दिसलं. पुण्याच्या इतक्या जवळच्या उंदराबद्दल मला असा एकही आकडा मिळाला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आययूसीएनच्या रेड लिस्टमध्ये (धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत) घट 10 वर्षं किंवा 3 पिढ्या, यातलं जे जास्त असेल त्यावर मोजतात. उंदराच्या 3 पिढ्या 10 वर्षांच्या खूप आत बसतात, म्हणून तिथे 10 वर्षं. मॉस मात्र तुटक्या तुकड्यातूनही उगवतं, मग पिढी किती वर्षांची? जे गृहीत धराल ते मेथड्समध्ये स्पष्ट लिहा.

आणि कोण जास्त धोक्यात अशी शर्यत लावू नका. उंदीर मुख्यतः सिंहगडच्या पठारावरून माहीत आहे, त्याला त्रास चराईचा आणि पर्यटकांच्या गर्दीचा, म्हणजे इथल्या इथे काहीतरी करता येतं. टकाकियाला त्रास तापमानवाढीचा, तिथे कुंपण घालून काय होणार? माझ्या डिस्कशनची निम्मी पानं यावरच गेली आणि व्हायव्हात प्रश्नही यावरच आले, तेव्हा तो भाग सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका.