दहा मीटर एअर रायफलसाठी छर्रे निवडण्याची पद्धत

नाशिकमध्ये एअर रायफलचा सराव करणाऱ्या मुलामुलींचे पालक वर्ष-दोन वर्षांनी हमखास विचारतात की कोणत्या कंपनीचे छर्रे घ्यावेत. या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देता येत नाही, कारण छर्रा कोणता चालतो हे शेवटी रायफलची नळी ठरवते. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या दोन रायफलींच्या नळ्यांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. म्हणून इथे कंपन्यांची क्रमवारी लावलेली नाही. आपल्या रायफलीला साजणारा छर्रा आपणच कसा शोधून काढावा, एवढेच सांगायचे आहे.

आधी कायद्याची चौकट स्पष्ट करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि बंदुकीची दारू व काडतुसे परवान्याच्या कक्षेत येतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअर रायफलीचा बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा, जास्त नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलच्या मर्यादेत आहे, तिला परवाना लागत नाही. मात्र परवाना लागत नाही याचा अर्थ ती रायफल घेऊन गोदाकाठी किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पक्ष्यांमागे फिरता येते, असा मुळीच नाही. हा छंद नेमबाजीच्या रेंजवरचा आहे आणि तो रेंजवरच राहिला पाहिजे.

दहा मीटरच्या स्पर्धेसाठी छर्ऱ्याचे तोंड सपाट असावे लागते, कारण सपाट तोंड कागदात स्वच्छ, गोल भोक पाडते आणि गुण वाचताना वाद राहत नाही. घुमटाकार छर्रे लांब पल्ल्यासाठी असतात आणि टोकदार छर्रे तर आपल्या कामासाठी नाहीतच; दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी ते घेऊ नयेत. रायफलचे छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, तर पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे हलके छर्रे वापरण्याची पद्धत आहे. हलका छर्राही एखाद्या रायफलीला मानवू शकतो, पण चाचणीची सुरुवात ०.५३ ग्रॅमपासून करणे सोयीचे पडते.

आता मुख्य मुद्दा, छर्ऱ्याच्या डोक्याचे माप. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांसारख्या उत्पादकांच्या स्पर्धेच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे छापलेले दिसतात, तो डोक्याचा व्यास असतो. छर्ऱ्याचे डोके नळीतल्या आट्यांच्या (आत कोरलेल्या सर्पिल खाचांच्या) उंच कडांवर टेकून पुढे सरकते आणि मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट चिकटतो, त्यामुळे हवा निसटत नाही. डोके नळीला सैल पडले तर छर्रा किंचित तिरका होऊन बाहेर पडतो. फार घट्ट बसले तर शिसे खरवडले जाते आणि वेग एकसारखा राहत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक हाताला जाणवत नाही, कागदावर मात्र तो दिसतो. म्हणून एकाच जातीच्या छर्ऱ्यांची दोन-तीन मापे तपासणे हे चार वेगवेगळ्या कंपन्यांचे एकेक माप तपासण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

माप ठरले तरी काम संपत नाही, कारण एकाच नावाच्या आणि एकाच मापाच्या डब्यांतही वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी तयार झालेले गट, असतात. छर्रे ज्या साच्यातून निघतात तो साचा झिजतो, बदलला जातो, आणि त्याबरोबर छर्ऱ्याचा स्वभावही बदलतो. लॉटचा क्रमांक बहुधा डब्यावर किंवा त्यावरच्या चिठ्ठीवर असतो. तो वहीत नोंदवल्याशिवाय कोणतीही चाचणी करू नये, नाहीतर चांगला निकाल देणारा छर्रा पुन्हा विकत घ्यायचा तरी कसा?

चाचणी शक्यतो रायफल शिकंज्यात पक्की बसवून, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. शिकंजा नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवावी, मात्र प्रत्येक वेळी तिचा तोच भाग त्याच जागी टेकला पाहिजे. उभ्या स्थितीतून छर्ऱ्यांची तुलना करू नये. तिथे नेमबाजाच्या शरीराची हालचाल इतकी मोठी असते की छर्ऱ्याचा फरक तिच्यात बुडून जातो. नवा छर्रा सुरू करताना आधी फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) बोळे नळीतून झाडून ती स्वच्छ करावी आणि मग पंधरा-वीस छर्रे निव्वळ नळी रुळण्यासाठी झाडावेत, कारण आधीच्या छर्ऱ्याच्या शिशाचा पातळ थर आत राहिलेला असतो. त्यानंतर दहा-दहा छर्ऱ्यांचे किमान तीन ग्रुप, म्हणजे भोकांचे झुबके, वेगवेगळ्या कागदांवर घ्यावेत. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब सर्व ग्रुपसाठी साधारण सारखाच ठेवावा, आणि निफाडकडचे पहाटेचे थंड तापमान व दुपारचे ऊन यांत मोठा फरक असतो हे लक्षात घेऊन सर्व जाती एकाच बैठकीत तपासाव्यात.

ग्रुप मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर कॅलिपरने घ्यावे आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करावेत, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिळते. कागदातले भोक छर्ऱ्यापेक्षा किंचित लहान दिसू शकते, परंतु सर्व ग्रुप एकाच पद्धतीने मोजले तर तुलनेत त्याने बिघाड होत नाही. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप दहा छर्ऱ्यांच्या ग्रुपपेक्षा स्वभावतःच लहान येतो, म्हणून या दोन्हींची एकमेकांशी तुलना करू नये. एखादा छर्रा लांब पडला तर "तो चुकून गेला" म्हणून वगळण्याचा मोह होतो; शिकंज्यात बसवलेल्या रायफलीतून गेलेला तो छर्राच आपल्याला सर्वांत महत्त्वाची माहिती देत असतो, त्यामुळे तो मोजलाच पाहिजे. तीन ग्रुपांची सरासरी काढावी. एकच देखणा ग्रुप पाहून निर्णय घेऊ नये.

हे सारे कशासाठी, ते लक्ष्याच्या मापांवरून कळते. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दोन वर्तुळांमधले अंतर २.५ मिलिमीटर असते. म्हणजे दशांश गुणांच्या पद्धतीत छर्रा पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण जातो. पात्रता फेरीत ६० छर्रे झाडायचे असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ धरून कमाल गुण ६५४ होतात. त्या पातळीवर दशांशांनीच अंतिम फेरीतली जागा ठरते.

छर्रे वजन करून निवडावेत का, हेही अनेक जण विचारतात. हिशेब करून पाहू. रायफलीची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास धरला, तर दहा मीटर जाईपर्यंत छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वजनात ०.०१ ग्रॅमचा फरक पडला आणि ऊर्जा तीच राहिली, तर ही घसरण सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने बदलते, म्हणजे एका दशांश गुणापेक्षा थोडे अधिक. सराफ बाजारात वापरतात तसा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा जवळ असेल आणि सामना महत्त्वाचा असेल, तर वजन करणे व्यर्थ नाही. रोजच्या सरावासाठी मात्र त्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी प्रत्येक छर्रा उजेडात धरून मागचा घेर चेपलेला नाही ना, शिशाचा कण चिकटलेला नाही ना, एवढे नीट पाहावे. डबा हलवून छर्रे ताटात ओतण्याची सवय मोडावी, कारण घेर चेपतो तो बहुतेक वेळा अशा हाताळणीतच.

ज्यांचा उभ्या स्थितीतला ग्रुप अजून रुपयाच्या नाण्याएवढा पसरतो, त्यांनी या चाचण्यांत पडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सपाट तोंडाचा, चांगल्या प्रतीचा कोणताही छर्रा त्यांना पुरतो. पैसे उरतील ते प्रशिक्षणावर आणि नेमबाजीच्या जाकिटावर खर्च करावेत. चाचणीची वेळ येते ती गुण स्थिरावल्यानंतर. तेव्हा तिचा दुसराही एक लाभ होतो. नाशिकच्या नेमबाजीला ज्यांनी वळण लावले ते निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांच्या कामामुळे या शहरात खेळाडूच्या मनाचा विचार अधिक गांभीर्याने होतो. त्याच दृष्टीने पाहिले तर तपासलेला छर्रा नेमबाजाच्या मनातली एक शंका काढून टाकतो, आणि नऊ लागल्यावर त्याला छर्ऱ्याऐवजी आपल्या श्वासाकडे व ट्रिगरकडे पाहावे लागते.

चांगला लॉट सापडला की तो पुरेसा घेऊन ठेवावा. आठवड्यात पाच दिवस, रोज शंभर छर्रे असा सराव धरला तर ५०० छर्ऱ्यांचा डबा आठवड्यात संपतो आणि सहा महिन्यांना सुमारे २५ डबे लागतात. एवढा खर्च एकट्याला जड जात असेल तर उत्तम लॉट सामन्यांसाठी राखून सरावाला त्याच वजनाचा स्वस्त छर्रा वापरावा. सामन्याच्या आधीचे काही दिवस मात्र सामन्याच्याच छर्ऱ्यांवर घालवावेत. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून आणि पावती घेऊनच करावी.

पावसाळ्यात इथली हवा दमट असते आणि ओलाव्याने शिशावर पांढरट भुकटी धरते. असे छर्रे नळीत घालू नयेत. डब्याच्या झाकणाभोवती चिकटपट्टी लावून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह तो बंद पेटीत ठेवावा. छर्रे धुऊ नयेत, कारण त्यांच्यावरचा वंगणाचा हलका थर निघून जातो. शिसे विषारी असल्यामुळे छर्रे तोंडात धरू नयेत, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडून खाऊ नये आणि घरात लहान मूल असेल तर पेटीला कुलूप लावावे. लक्ष्यामागच्या सापळ्यात साठलेले शिसे झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने गोळा करून वेगळ्या डब्यात भरावे आणि रेंजच्या व्यवस्थापकांकडे सोपवावे.