तुरीचे चोवीस दाणे: बाईचे हक्क वर्गात कसे शिकवावेत

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार आणि ८ मार्चला दोन मुलींची पाठ केलेली भाषणं, एवढ्यावर हा विषय बहुतेक शाळांत उरकला जातो. पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवलेलं ताट तिथंच सोडून उठतात. भाषणातली 'स्त्री' आणि चुलीपुढची माय यांचा संबंध त्यांच्या डोक्यात जुळलेलाच नसतो. तो जुळवायचा तर आधी हिशेब आणि मग कायदा, हा क्रम पाळावा लागतो.

ही आखणी सहावी ते आठवीसाठी आहे: चाळीस मिनिटांच्या सहा तासिका, दोन-तीन आठवड्यांत मिळून. शक्य असेल तर निंदणाच्या दिवसांत किंवा वेचणी लागल्यावर घ्या. तेव्हा मजुरीचे दर घराघरात बोलले जात असतात, पोरांना ते विचारत फिरावं लागत नाही. पूर्व विदर्भात रोवणीचे दिवस धरा.

आधी शाळेचं आवरा

वर्ग कोण झाडतं, पाहुण्यांना चहा कोण देतं, ओवाळायला ताट घेऊन कोण उभं राहतं, मैदानावरचं सामान कोण आणतं, हे आठवडाभर गुपचूप टिपून ठेवा. झाडू मुलींच्या हातात आणि कबड्डीचं मैदान मुलांकडे असेल तर पुढच्या सहा तासिका फुकट जातील. झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने लावा. हजेरीत सगळी मुलं आधी आणि मुली मागे असतील तर नावं अक्षरक्रमाने घ्या. मुलींच्या संडासाची किल्ली ऑफिसात टांगलेली असेल तर तीही आजच काढा. मुलींना ती मागायची लाज वाटते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीला आधीच कळवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. काय शिकवणार ते त्या बायांनी आधी ऐकलेलं असलं की 'मॅडम पोरींना बिघडवतात' ही कुजबूज पारावर पोचण्याआधीच निम्मी विरते.

पहिली तासिका: फळ्यावर एक वाक्य

फळ्यावर लिहा: 'उद्या निंदाले दोन माणसं आन् चार बाया पाह्यजेत.' एकूण माणसं किती, असं विचारा. वर्ग सहा म्हणतो. मग विचारा, वाक्यात तर दोनच माणसं आहेत, उरलेल्या चौघी कोण? पोरं हसतात, हसू द्या. गावात रोज बोललं जाणारं वाक्य पहिल्यांदाच कानाला खटकलेलं असतं.

नंतर प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या. घरात, शेतात किंवा एसटीत ऐकलेलं एकेक वाक्य लिहायचं, नाव घालायचं नाही. 'रडतो काय पोरीवानी', 'पोरीची जात, हळू बोल', 'परक्याचं धन', 'बांगड्या भरून बस' हे हमखास येतं. डब्यातून एकेक चिठ्ठी काढून वाचा आणि वाक्यातला मुलगा-मुलगी उलटवा. 'पोराची जात, हळू बोल.' उलटवल्यावर वाक्य विनोदी झालं तर का झालं, ते पोरांनाच सांगू द्या.

या तासिकेत 'लिंगभाव' हा शब्द आणू नका. लिंग म्हटलं की मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते आणि तास हातचा जातो. तो आणायचाच असेल तर व्याकरणाच्या तासाला पुल्लिंग-स्त्रीलिंगाच्या मागोमाग आणा. खुर्ची ती आणि पलंग तो हे कोणी ठरवलं, या प्रश्नातून तो सहज निघतो.

दुसरी तासिका: निसर्गाचं आणि गावाचं

बारा कार्डं करा: दाढी, पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणं, स्वयंपाक, ट्रॅक्टर, रडणं, फवारणी, भांडी, हिशेब, शिवण, सरपंचकी. फळ्याचे दोन भाग करा, 'निसर्गाने दिलेलं' आणि 'गावाने ठरवलेलं'. पहिल्या चार कार्डांवर वाद होत नाही. खरा वाद स्वयंपाकावर होतो, तिथे थांबा. गावच्या महाप्रसादाची कढई कोण ढवळतं? लग्नातला आचारी कोण असतो? हजार पानांचा स्वयंपाक गड्यांना जमतो, मग घरच्या चार भाकरींना हात का आखडतो? उत्तर तुम्ही देऊ नका. 'आचाऱ्याले पैशे भेटतात' असं एखादं पोरगं म्हणतंच. ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि चौथ्या तासिकेपर्यंत पुसू नका.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघंही भाजी निवडताना दाखवले. ते चित्र शाळेत सापडलं तर भिंतीवर लावा.

तिसरी तासिका: दाणे

हा या सगळ्याचा गाभा आहे, घाई करू नका.

सामान: तीस मुलांना पाव किलो तूर पुरते. शिवाय मूठभर तुरीची डाळ आणि प्रत्येकाला वहीचा जोडकागद. अख्खा दाणा म्हणजे एक तास, डाळ म्हणजे अर्धा.

तासिकेच्या तीन दिवस आधी घरपाठ द्या. घरातली एक मोठी बाई आणि एक मोठा गडी यांचा एक कामाचा दिवस पाहून लिहायचा, उठण्यापासून निजेपर्यंत. 'आई आणि वडील' असं सांगू नका. ज्या घरातला कर्ता गेला आहे त्या घरचं पोर अशा वेळी मान खाली घालतं आणि आपल्याकडे प्रत्येक वर्गात असं एखादं पोर असतं. आजी, काकू, मामा, कोणीही चालेल. बाई पहाटे किती वाजता उठते हे तिलाच विचारायला सांगा. पोर उठतं तेव्हा सडा पडलेला असतो, चूल पेटलेली असते, म्हणून तिचे पहिले दोन तास त्याच्या वहीत कधीच येत नाहीत.

वर्गात जोडकागदावर पाच गोल काढायचे: झोप, शेत-मजुरी, घरकाम, अंघोळ-जेवण, मोकळा वेळ. मग बाईचे चोवीस दाणे मांडायचे. पोरगं पहिले सात-आठ दाणे झोपेत टाकतं, शेतात आठ, आणि हातात उरलेले दाणे बघत बसतं. भाकरी, भांडी, धुणं, पाणी, लहान्याला झोपवणं, बकरीला चारा. झोपेच्या गोलातून एकेक दाणा उचलून घरकामात जातो आणि मोकळ्या वेळाच्या गोलात एखादी डाळ उरते, तीही 'टीव्हीपुढे शेंगा फोडते' म्हणून परत उचलली जाते. तोच कागद पुसून गड्याचे दाणे, मग स्वतःचे. प्रत्येक वेळी आकडे वहीत उतरवायचे.

घोळ होतात ते बहुधा हे:

बाई एकाच वेळी दोन कामं करते, त्यामुळे बेरीज चोवीसच्या वर जाते. नियम असा ठेवा: हात ज्यात गुंतलेला आहे तिथे दाणा, दुसरं काम वहीत शेजारी लिहायचं.

'माही माय काहीच नाही करत, घरीच रायते' असं कोणी म्हटलं तर दुरुस्त करू नका. दाणे मांडून झाल्यावर त्यालाच पुन्हा विचारा.

एखाद्या घरात गड्याचे दाणे जास्त कामात पडतात. रात्री ओलिताला जाणाऱ्याचे पडणारच. ते तसेच राहू द्या. आकडे आपल्याला हवे तसे वळवले की पोरांना लगेच कळतं.

शेवटची पाच मिनिटं या जोडणीसाठी ठेवा: केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. दाण्यांत सांगायचं तर तिकडे जवळपास पाच दाणे, इकडे एक दाणा आणि एक डाळ.

चौथी तासिका: रोजीचं गणित

ही गणिताच्या तासालाच घ्या. गावातले दर पोरांकडूनच घ्या. समजा, बाया करतात त्या निंदणाची रोजी २५० आणि गडी करतात त्या डवरणाची, म्हणजे बैलांनी केलेल्या कोळपणीची, ४००. फरक १५०. साठ दिवसांचा किती? ९,०००. वेचणीचा दर किलोवर असतो, तिथे बाई-गडी हा फरक उरत नाही, हेही मांडा.

मुलं म्हणतील, गड्याचं काम जड असतं. त्यात खरंही आहे. सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन चिखलात फिरणं सोपं नाही. मग आठ तास वाकून निंदणं मोजा, ओट्यात साठलेला कापूस मोजा. आणि इथेच मुलांच्या बाजूचाही प्रश्न घ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. तोंडाला फडकं बांधणाऱ्या गड्याला भित्रा ठरवणारं वाक्य पहिल्या तासिकेच्या डब्यात होतं का, ते शोधा.

कायदा नेमका सांगा. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखी मजुरी हे १९७६ च्या समान वेतन कायद्याने आलं आणि आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे. रोजगार हमीच्या कामावर दर एकच. निंदण आणि डवरण ही कामं वेगळी आहेत, म्हणून 'गावातले सगळे शेतकरी कायदा मोडतात' असं वर्गात बोलू नका, दुसऱ्या दिवशी तक्रार येईल आणि तक्रार बरोबर असेल. प्रश्न असा ठेवा: सोंगणीला, म्हणजे कापणीला, दोघंही तेच काम करतात, तिथे दर सारखा आहे का? आणि निंदण हलकं, हे कोणी ठरवलं?

'बायांना तं एसटी अर्ध्यात, लाडकी बहीण पण, आमाले काय?' हा प्रश्न येतोच. टाळू नका. महिन्याचे १,५०० फळ्यावर लिहा. शेजारी रोजीतला फरक, १५० गुणिले दहा दिवस. पोरं स्वतःच गुणाकार करतात. आचाऱ्याचं वाक्य अजून कोपऱ्यात असेल, तेही आता वाचा.

पाचवी तासिका: सातबारा

कोणाच्याही घरचा उतारा मागवू नका. कोणाकडे चाळीस एकर, कोणाकडे काहीच नाही, आणि भूमिहीनांची पोरं वर्गात बरीच असतात. फळ्यावर खोटा सातबारा काढा: गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचं नाव, बारामध्ये पीक. काल्पनिक घर: वडील वारले, बायको, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. नावं कोणाकोणाची लागतील? बहुतेक वर्ग दोन मुलगे लिहितो, कोणी आईचं नाव धरतो.

मग सांगा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच जन्मापासून वाटेकरी आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच काही मर्यादांसह केली होती. २००५ मध्ये वडील हयात नव्हते तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा बौद्ध आणि जैन घरांनाही लागू आहे. मुस्लिम घरांत वेगळा कायदा चालतो. गोंड, कोरकू अशा अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीत शिकवत असाल तर हे वगळणं म्हणजे अर्ध्या वर्गाला चुकीचं सांगणं.

शेत नसलेल्या घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरांच्या नोंदीचा उतारा, घ्या. घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावता येतं. हा मुद्दा पोरं घरी नेतात आणि कधीकधी त्यातून खरंच अर्ज होतो.

मुलीने आपला वाटा सही करून सोडायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. या शब्दावर एखादी मुलगी म्हणेल, 'आत्यानं सही केली, नाही तं माहेर तुटलं असतं.' तिच्या आत्याला चूक ठरवू नका, घरच्यांनाही नाही. कायदा काय म्हणतो आणि माणसं काय करतात, हे शेजारी शेजारी ठेवून तास संपवा.

सहावी तासिका: इथल्या बाया आणि कोणाला सांगायचं

पुणे-मुंबईच्या उदाहरणांइतकीच आपल्याकडची आहेत. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि तिथे बाईला घटस्फोटाचा हक्क हवा असा ठराव झाला. वऱ्हाडातल्या पोरींना बुलडाणा आणि अमरावती ही नावं ऐकून मान वर करताना पाहाल.

उरलेला अर्धा तास मदतीसाठी. लग्नाचं वय मुलीचं १८, मुलाचं २१. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी) आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर पोरांकडून पाठ करून घ्या, भिंतीवरचं पोस्टर कोणी वाचत नाही.

या तासिकांनंतर एखादी मुलगी, किंवा मुलगाही, एकट्याने येऊन काही सांगण्याची शक्यता असते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ऐका, खोदून विचारू नका, तिचेच शब्द तारीख घालून लिहा, त्याच दिवशी कळवा. मुख्याध्यापक आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती यांनाही कल्पना द्या, पण गावात मिटवून घेण्याच्या बैठकीला हो म्हणू नका.

तीन महिन्यांनी

दाणे मोजून बरणीत परत भरा, सोनकिडा लागू नये म्हणून वाळवून. तीन महिन्यांनी तीच तासिका पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. बाईच्या कागदावर फारसं काही हललेलं नसतं, ते बघून खचू नका. पोरांचे स्वतःचे कागद पाहा. घरकामाच्या गोलात एखाद्या मुलाची एक डाळ वाढली असेल, तर ती कशाची, ते त्याला सगळ्यांसमोर न विचारता मधल्या सुट्टीत विचारा. बहुतेक वेळा ती भांड्यांची असते आणि हे मित्रांना कळू नये असं त्याला वाटत असतं.